काळी दख्खनी

माण, खटाव, आटपाडी, जत. सह्याद्रीच्या पूर्वेचा हा पट्टा. ढग घाटमाथ्यावरच रिते होतात, इथवर पोचतो तो उरलासुरला पाऊस. मुरमाड माळ, कुसळी गवत, बाभळीच्या शेंगा. एवढ्यावर जगते ती दख्खनी मेंढी.

तिला गोठा नाही, पेंड नाही. दिवाळी सरली की धनगरांचे वाडे, म्हणजे कळपासोबतचे तळ, हलतात. घोड्यावर बिऱ्हाड चढतं, ते लादतात बहुतेक बायकाच. वाटेत जन्मलेलं कोकरूही त्याच घोड्यावर बसून पुढच्या मुक्कामी पोचतं. काही कळप घाट उतरून कोकणात, भात निघालेल्या खाचरांत जातात. रात्री मेंढ्या शेतात बसवायच्या, लेंडीखताच्या बदल्यात शेतकऱ्याकडून धान्य किंवा पैसे घ्यायचे. पावसाळ्याआधी परत माळावर, कारण कोकणातला चिखल या मेंढीच्या खुरांना मानवत नाही.

आता ही कातरणी पाहा. मेंढी आधी ओढ्यात धुतलेली. पाय बांधून आडवी घातली, की कातर कातडीला लागून फिरते आणि काळी लोकर अलगद सुटत जाते. राठ, केसाळ. स्वेटरला ही चालत नाही, टोचते. पण हिचं सूत मागावर ताणून चिंचोक्याची खळ दिली, की सणगर विणकरांच्या हातून उतरतं ते घोंगडं! वाऱ्यापावसात उघड्यावर राहणाऱ्या मेंढक्याचं अंथरूण, पांघरूण आणि छत्रीसुद्धा तेच.

आज घोंगड्याला गिऱ्हाईक कमी. लोकरीच्या पैशात कातरणाऱ्याची मजुरीही निघत नाही. संसार चालतो तो मटणावर. म्हणून अनेक कळपांत आता माडग्याळ जातीचा मेंढा सोडतात. उंच, पोपटासारख्या नाकाचा, कोकरं झपाट्याने वाढवणारा, पण अंगावर लोकर नावालाच. पिढी-दोन पिढ्यांत कळपाचा काळा रंग विटतो.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने वेगळी वाट धरली. दख्खनी मेंढी सहसा एका वेळी एकच कोकरू देते. सुंदरबनातल्या छोट्या गारोळ मेंढीत जुळ्यांचा जनुक असतो. तो संकरातून दख्खनीत आणून संस्थेने ‘नारी सुवर्णा’ तयार केली. मटण वाढवायचं तर दख्खनीचा काटकपणा घालवावा लागत नाही, हे त्यातून दिसलं. मात्र जुळ्यांना आईचं दूध पुरायला हवं, म्हणजे चराई हवी. आणि मेंढपाळाला आज सगळ्यात जास्त भांडावं लागतं ते चराईसाठीच. वनखात्याची बंदी, माळांवर उठलेले प्लॉट, बारमाही ऊस. दख्खनी टिकवायची तर आधी तिचे माळ आणि तिच्या वाटा मोकळ्या ठेवाव्या लागतील.