घाम, गजकर्ण आणि मेडिकलवरची ती ट्यूब

मे महिना. जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यात केळीची कापणी चालूये, पारा ४५ च्या आसपास, बाहेर झळा आणि बागेत शिरलं की एकदम दमट, त्यात घड खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणणाऱ्या माणसाचं बनियन सकाळीच पिळण्यासारखं होतं आणि तेच संध्याकाळपर्यंत अंगावर राहतं. त्या बनियनखाली कातडीवर काय चालतं ते बघूया.

जंतू तर आपल्या अंगावर असतातच, कितीही साबण लावा, आणि असायलाच पाहिजेत. स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस नावाचा बॅक्टेरिया जवळपास प्रत्येकाच्या कातडीवर मुक्कामाला असतो, चेहऱ्याच्या नि पाठीच्या तेलकट रंध्रांत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस, डोक्यात मॅलॅसेझिया नावाची यीस्ट. यातले बरेच जण आपल्या अंगचं तेल खातात, त्यातून फॅटी ॲसिड सुटतं, म्हणून कातडी थोडी आंबट राहते, पीएच (आंबटपणाचं माप, ७ च्या खाली आंबट) साधारण ५, आणि तिथे उपद्रवी जंतूंना जम बसवणं अवघड जातं. पीक दाट असलं की तणाला जागा मिळत नाही ना, तसंच.

बिघडतं ते कातडी फाटली, घासली नाहीतर भिजून मऊ पडली की. साधारण तीनातल्या एका माणसाच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस गुपचूप राहतो, नाकाला लावलेला हात विळ्याच्या ओरखड्याला लागला की गळू, केसतूड, पू. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात त्या ओलीमुळेच.

पण खरं बोलायचंय ते गजकर्णाबद्दल, कोणी नायटा म्हणतं. हा बुरशीचा आजार, ही बुरशी कातडीतलं केराटिन नावाचं प्रथिन खाते, गोल पसरत जाते, मधला भाग निवळतो आणि कड लाल राहते. जांघेत होतं, बायकांना परकराच्या नाडीखाली कमरेला होतं. आता ही जागा कोणाला दाखवणार भो? मग माणूस सरळ मेडिकलवर जातो आणि ट्यूब मागतो.

त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा बुरशीच्या औषधासोबत अँटिबायोटिक आणि क्लोबेटासॉलसारखं जबरदस्त स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज बंद, लाली गायब, माणूस खूश. पण स्टेरॉइडने बुरशी मरत नाही, आपल्या शरीराची तिच्याशी चाललेली लढाईच थांबते, ती आत आरामात पसरते आणि ट्यूब बंद केली की दुप्पट होऊन वर येते. मग परत ट्यूब. कातडी पातळ होते, जांघेत कातडी फाटल्यासारखे चट्टे पडतात ते कायमचे. आणि ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची एक बुरशी आता भारतभर पसरलीये, २०२० मध्ये तिला हे नाव मिळालं, तिच्यावर टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध बऱ्याचदा लागूच पडत नाही. कष्टाची मजुरी अशा ट्यूबांवर वर्षानुवर्षं जाते याचं फार वाईट वाटतं.

नीट उपचार काही आठवडे चालतात, खाज थांबली म्हणून मध्येच सोडायचे नाहीत. घरात अजून कोणाला असेल तर त्यांचेही सोबतच. टॉवेल वेगळा, कपडे कडक उन्हात वाळवायचे, आपल्याकडे उन्हाची काय कमी, आणि कापणीला जाताना जीन्सऐवजी सैल सुती पॅन्ट. डॉक्टरकडे जाताना ती अर्धी संपलेली ट्यूब खिशात घेऊन जा, नाव वाचलं की काय काय लावून झालंय ते त्यांना लगेच कळतं.