किल्ला समुद्राकडून पडत नाही

अध्यक्ष महोदय, ग्रंथालयाचे कार्यकर्ते आणि भातलावणीच्या दिवसांतही वेळ काढून आलेले श्रोतेहो,

पत्रिकेवर विषय बराच मोठा छापलाय : ‘कोकणातली बंदरं, स्थानिक राजकारण आणि परकी सत्ता’. मी मात्र एकच प्रश्न घेऊन आलोय. १७१७ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी विजयदुर्गावर आरमार आणलं आणि हात हलवत परत गेले. १७२४ मध्ये डच आले, त्यांचंही काही चाललं नाही. आणि १७५६ च्या फेब्रुवारीत तोच विजयदुर्ग दोन दिवसांच्या माऱ्यात पडला. खाडी तीच, खडक तोच, तटही तेच. मग मधल्या काळात बदललं काय? शाळेत आपल्याला दोन उत्तरं मिळाली. एक, इंग्रजांच्या तोफा. दोन, आपली भाऊबंदकी. दोन्ही खोटी नाहीत. पण ती दिली की पुढे काही विचारायचंच राहत नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. बंदर म्हणजे काय, तिथे पैसा कसा येतो, तो कोण गोळा करतो, हे आपण कुणी विचारत नाही. आपण तट मोजतो, तोफा मोजतो, बुरुजासमोर फोटो काढतो आणि घरी येतो.

त्या उत्तराकडे जायची माझी वाट राजापुरावरून जाते. राजापूरकर कुणी आहेत का सभेत? आहेत, मागे बसलेत. मग जपून बोलायला हवं.

आजचं राजापूर बघून कुणाला बंदर आठवणार नाही. दर पावसाळ्यात जवाहर चौकात पाणी शिरतं, व्यापारी रातोरात माल माळ्यावर चढवतात, आणि पाणी ओसरल्यावर चर्चा एकाच गोष्टीची होते : अर्जुना आणि कोदवलीत साठलेला गाळ. हा गाळ म्हणजेच राजापूरचा अर्धा इतिहास आहे. खाडी भरत गेली, मोठी गलबतं खाली जैतापूरलाच थांबायला लागली आणि पेठ मागे पडली. (जैतापूर म्हटलं की आता वेगळाच विषय निघतो. तो आज काढत नाही, नाहीतर रात्र इथेच होईल.) पण सतराव्या शतकात घाटावरची मिरी आणि कापड अणुस्कुऱ्यातून उतरून याच पेठेत यायचं, आणि म्हणूनच १६५० च्या आधीपासून इंग्रज इथे वखार घालून बसले होते.

आता माझी आवडती गोष्ट. काहींनी आधी ऐकली असेल, पुन्हा ऐकून घ्या.

नोव्हेंबर १६५९ मध्ये अफझलखान मारला गेला. खानाची मालाने भरलेली गलबतं राजापूर बंदरात होती. ती ताब्यात घ्यायला १६६० च्या सुरुवातीला मराठ्यांची फौज आली. इंग्रज वखारवाल्यांचा त्या गलबतांत स्वतःचा हिशेब अडकलेला, त्यामुळे ते मध्ये पडले. मराठ्यांनी त्यांचा दलाल आणि एक इंग्रज धरून नेला. वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन. त्याने काय करावं? त्याने शिवाजी महाराजांना पत्र लिहिलं. आमची माणसं सोडा, मैत्री ठेवा, आणि दंडाराजपुरी घ्यायला आम्ही तुम्हाला मदत करू. म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्दीच्या विरोधात महाराजांना मदत. माणसं सुटली.

हे झालं फेब्रुवारीत. मार्चमध्ये विजापूरचा सरदार सिद्दी जौहर याने पन्हाळ्याला वेढा घातला, महाराज आत अडकले. आणि हाच रेव्हिंग्टन तोफ आणि गोळे घेऊन पन्हाळ्याखाली हजर झाला. कुणाच्या बाजूने? जौहरच्या. इंग्रजांचं निशाण उभारून त्याने गडावर गोळे टाकले.

ही फसवणूक आहे, विश्वासघात आहे, हे तर आहेच. पण मला त्यातली व्यापाऱ्याची नजर महत्त्वाची वाटते. वखारवाल्याला आदिलशाही नको होती आणि स्वराज्यही नको होतं. राजापूरची जकात उद्या कोण गोळा करणार, एवढाच त्याचा प्रश्न होता. फेब्रुवारीत त्याला वाटलं, मराठे. मे-जूनमध्ये वाटलं, विजापूर. जो जिंकेल असं दिसलं त्याच्या दारात तो तोफ घेऊन उभा राहिला.

महाराजांनी ते निशाण लक्षात ठेवलं. मार्च १६६१ मध्ये ते स्वतः राजापुरावर आले. वखार लुटली, खणून काढली, इंग्रजांना कैद करून गडावर ठेवलं. ते सुटले १६६३ मध्ये. त्या कैद्यांनी सुरतेला आपल्या वरिष्ठांना विनवण्या केल्या, उलट रागाची पत्रंही लिहिली, की आम्ही कंपनीसाठी भोगतोय आणि तुम्ही काही करत नाही. सुरतेचं उत्तर वाचण्यासारखं आहे. त्याचा मथितार्थ असा : कंपनीच्या मालाचं रक्षण करताना तुम्ही कैदेत पडलेला नाहीत, पन्हाळ्यावर आमचं निशाण लावून गोळे टाकायला गेलात म्हणून पडलात. महाराजांनी शिक्षा का केली, याची कबुली खुद्द कंपनीच्या कागदात आहे. राजापूरच्या लुटीला ‘लुटारूपणा’ म्हणणाऱ्यांना हे एक पत्र दाखवलं तरी पुरे.

पण गोष्ट इथे संपत नाही. इंग्रजांनी नुकसानभरपाई मागायला सुरुवात केली आणि ती मागणी वर्षानुवर्षं सोडली नाही. वकील येतायत, जातायत, आकडे वरखाली होतायत. ज्यांची जमीन महामार्गात गेली आहे त्यांना भरपाईचा पाठपुरावा म्हणजे काय ते मी सांगायला नको. (हशा) शेवटी जून १६७४ मध्ये, राज्याभिषेकाच्या वेळी, कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला तेव्हा तह ठरला. राजापूरच्या नुकसानीपोटी दहा हजार होन मान्य झाले. राजापूर, दाभोळ, चौल, कल्याण इथे वखारी घालायची परवानगी मिळाली. जकात अडीच टक्के.

थोडं थांबा इथे. इंग्रजांच्या मागण्यांपैकी दोन गोष्टींना महाराजांनी काय उत्तर दिलं ते बघा. पहिली मागणी, इंग्रजांचं नाणं राज्यात चालावं. उत्तर : रयतेवर मी सक्ती करणार नाही, नाण्याचा कस चांगला असेल तर लोक घेतील. दुसरी मागणी, किनाऱ्यावर फुटलेल्या इंग्रजी गलबतांचा माल इंग्रजांना परत मिळावा. इथे नकार. फुटक्या गलबताचा माल राजाचा हा किनाऱ्याचा रिवाज, आणि एकाला सूट दिली की फ्रेंच, डच सगळेच मागतील. वखारीला हो, जकातीचा दर ठरलेला, पण किनाऱ्यावरचा हक्क सोडायला नाही. बंदराचं राजकारण म्हणजे नेमकं हे. परक्याला आत येऊ द्यायचं की नाही, यापेक्षा कोणत्या अटीवर आणि त्या अटी ठरवणारा कोण, हा प्रश्न मोठा आहे. १६७४ मध्ये अटी रायगडावर ठरत होत्या.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, पंधरा मिनिटं राहिलीत. राजापुरात जीव अडकतो, काय करणार. आता भरभर जाऊ.

कान्होजी आंग्रे. त्यांनी पुढे तेच केलं, पण समुद्रात. किनाऱ्यावरून जायचं तर आंग्र्यांचं दस्तक घ्या. त्याआधी पोर्तुगीज दोनशे वर्षं हेच करत होते, आपला परवाना नसलेलं जहाज धरत होते. तेव्हा त्याला कुणी चाचेगिरी म्हटलं नाही. कान्होजींनी केलं की ती चाचेगिरी झाली. विजयदुर्ग १७१७, खांदेरी १७१८, पुढे १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर गेले. एकही गड पडला नाही. कारण समुद्रावर आंग्रे होते आणि पाठीमागची जमीनही त्यांना परकी नव्हती. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी कान्होजींशी बोलणं करून त्यांना शाहू महाराजांच्या बाजूला घेतलं होतं. गडाला दाणागोटा येत होता, माणसं येत होती.

१७२९ मध्ये कान्होजी गेले. मुलांत वाटण्या झाल्या. १७३५ मध्ये पेशव्यांनी मानाजीला कुलाबा आणि संभाजीला सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग अशी सोडवणूक केली. भांडण तेवढ्यापुरतं मिटलं, पण आंग्र्यांची जकात दोन ठिकाणी जाऊ लागली आणि दस्तकाचा धाक अर्धा झाला. पुढे कान्होजींचाच आणखी एक मुलगा, तुळाजी, विजयदुर्गावर आला. कर्तबगार माणूस, पण पुण्याचं ऐकेना, वाडीच्या सावंतांशीही वैर. मग १७५५ मध्ये पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी करार केला. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, पुढच्या फेब्रुवारीत ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गासमोर उभे राहिले.

आणि इथे माझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. गडाच्या जमिनीकडच्या बाजूला यावेळी पेशव्यांचं सैन्य होतं. तुळाजी बोलणी करायला त्या छावणीत गेला. आंग्र्यांची गलबतं तटाखाली एकमेकांना बांधून ठेवलेली होती. इंग्रजांचा एक गोळा ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर पडला. हे जहाज मुळात कंपनीचंच, आंग्र्यांनी पूर्वी पकडून आणलेलं. ते पेटलं, आणि त्याच्यापासून शेजारचं, त्याच्यापासून पुढचं, असं करत अख्खं आरमार तिथल्या तिथे जळालं. रात्रीच क्लाइव्ह जमिनीवर उतरला आणि त्याने आपली फौज गड आणि पेशव्यांची छावणी यांच्यामध्ये उभी केली. पेशव्यांनी आत पाऊल टाकू नये म्हणून! करार ज्यांच्याशी केला त्यांनाच अडवलं. गडावरची सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसात वाटून घेतली. तुळाजी उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत राहिला.

गड परत घ्यायला पेशव्यांना ऑक्टोबर १७५६ चा तह करावा लागला. विजयदुर्गाच्या बदल्यात बाणकोट आणि भोवतालची गावं इंग्रजांना. लोकांना वाटतं सौदा बरा झाला, मोठा गड मिळाला, लहान गेला. मला नाही वाटत. बाणकोट म्हणजे सावित्रीचं मुख, आणि सावित्रीतून होड्या थेट महाडपर्यंत जायच्या. इंग्रजांनी गड दिला आणि नदी घेतली, जकात बसेल असं तोंड घेतलं.

एक गोष्ट इथे आवर्जून सांगतो, कारण ती कायम विसरली जाते. विजयदुर्ग पडला म्हणजे मराठी आरमार संपलं, हे बरोबर नाही. त्याच विजयदुर्गावरून पेशव्यांच्या आरमाराचे प्रमुख आनंदराव धुळप यांनी एप्रिल १७८३ मध्ये इंग्रजांच्या ‘रेंजर’ जहाजाला गाठून हरवलं. म्हणजे माणसं होती, गलबतं होती, हिंमत होती. अटी ठरवण्याची जागा गेली होती. १८१२ मध्ये कोल्हापूरकरांकडून मालवण आणि सावंतवाडीकडून वेंगुर्लं इंग्रजांकडे गेलं, तेही त्या दोन घराण्यांच्या भांडणातच. १८१८ नंतर दक्षिण कोकणाचा कारभार ते कुठून करू लागले? बाणकोटहून. १८२२ मध्ये तो रत्नागिरीला हलला, तेव्हापासून रत्नागिरी जिल्ह्याचं गाव.

वेळ संपली. एकच विनंती. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर मोडी कागदांची बोचकी आहेत, पावत्या, तारवांचे हिशेब, जकातीच्या चिठ्ठ्या. कसर लागली म्हणून रद्दीत घालू नका. मोडी वाचणारे दोघं-तिघं या ग्रंथालयात शनिवारी बसतात. आणून दाखवा, मग घरी घेऊन जा. राजापूर, जैतापूर, विजयदुर्ग, कुठलेही चालतील.