कच्च्या वहीतली नावं

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या पावसाळ्यात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर एक फाइल आली. पाठवणारा माझा जुना विद्यार्थी. खाली त्यानं लिहिलं होतं, "मॅडम, कादंबरी आली अन् आम्हाला कळवलं पण नाही?" मी फाइल उघडली. पहिल्या पानावर माझंच वाक्य होतं. त्याच्याखाली मीच माझ्यासाठी केलेली खूण होती: 'इथं उचलीचा आकडा परत विचारायचा. मावशी दोनदा वेगळं बोलली.'

कादंबरी आलेली नव्हती. ती लिहून व्हायची होती.

सहा वर्षं मी आमच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीवर लिहीत होते. दसरा झाला की आमच्याकडची गावं कशी ओस पडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवून नेणारा ठेकेदार, त्या कोयत्याला आगाऊ पैसे देतो, ती उचल. घरी म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं मागं राहतात, बाकी बिऱ्हाड पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. मी दोन हंगाम त्या फडांवर जाऊन राहिले. पाचटाच्या कोपीत, चुलीपुढं बसून एका मावशीनं मला तिचं आयुष्य सांगितलं. रात्री ट्रक भरायला उठवलं की ती जायची, परत यायची, आणि जिथं तुटलं होतं तिथून पुन्हा सांगायला लागायची. हातावर उसाच्या पात्यानं चिरलेल्या बारीक रेघा. ती बोलताना त्या रेघांवरून बोट फिरवायची.

माझी लिहायची एक सवय आहे. पहिल्या खर्ड्यात मी खरी नावं ठेवते. नाव बदललं की माझ्या कानातला त्या माणसाचा आवाज जातो. सगळं लिहून झाल्यावर, अगदी शेवटच्या हातात, नावं, गावं, आकडे बदलायचे. तेव्हा त्या फाइलमध्ये मावशीचं नाव होतं, तिच्या मुकादमाचं आडनावासकट होतं, कितीची उचल, कितीची फिटली आणि कशावरून भांडण झालं, तेही होतं.

टाइप झालेली नऊ प्रकरणं मी चौघांना वाचायला दिली होती. चौघंही जाणकार, विश्वासातले. कुणाकडून गेली ते मला आजही सांगता येत नाही, आणि तो शोध मी सोडून दिला आहे. प्रेमापोटी कुणीतरी कुणाला तरी पाठवली असणार. "वाच, काय लिहिलंय बघ," एवढंच म्हणून. तिसऱ्या दिवशी ती फाइल मावशीच्या गावात पोचली. दिवस नेमके उचल ठरायचे. मुकादमाच्या घरी ती मोठ्यानं वाचली गेली.

मावशीला वाचता येत नाही. तिच्याविषयी काय लिहिलंय ते तिला मुकादमाच्या तोंडून कळलं. तिनं मला फोन केला. रागावली नाही. म्हणाली, "बाई, तुला इस्वासानं सांगितलं होतं गं."

त्या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणखी एक सांगते, कारण ते मला जास्त लागलंय. त्या नऊ प्रकरणांत मुकादम निव्वळ दुष्ट माणूस आहे. तो तसा का वागतो, ते चौदाव्या प्रकरणात यायचं होतं. कारखान्याकडून पैसा तो स्वतःच्या अंगावर घेतो. टोळीतलं एखादं जोडपं पळून गेलं तर ते पैसे त्याच्या मानगुटीवर बसतात, त्यात कितीकांची जमीन जाते. हे सगळं माझ्या वहीत टिपून ठेवलेलं होतं, लिहायचं राहिलं होतं. म्हणजे माझ्या नावावर गावात जे फिरलं त्यात त्याच्यावर आरोप पूर्ण होते आणि त्याची बाजू शून्य. अर्ध्यावर थांबवलेली साक्ष कोर्टसुद्धा धरत नाही. ती माझी साक्ष म्हणून घरोघर वाचली गेली.

हे जगात मोठमोठ्या लेखकांच्या वाट्याला आलेलं आहे. अमेरिकेतल्या स्टेफनी मेयर यांच्या 'मिडनाइट सन' या कादंबरीची कच्ची प्रकरणं ऑगस्ट २००८ मध्ये अशीच इंटरनेटवर पसरली. त्यांनी मोजक्याच प्रती बाहेर दिल्या होत्या आणि प्रत्येक प्रत थोडी थोडी वेगळी होती, त्यामुळे कुठून फुटली याचा त्यांना अंदाज आला. वाचकांना चोरून वाचावं लागू नये म्हणून त्यांनी तो खर्डा स्वतःच आपल्या संकेतस्थळावर ठेवला आणि लिहिणं बाजूला सारलं. पुस्तक आलं ते ऑगस्ट २०२० मध्ये. बारा वर्षं! लाखो वाचक वाट बघत असताना त्या बाईंना त्या मजकुराकडे परत वळवेना. हे मी आधी वाचलं होतं, कळलं मात्र आत्ता.

आपल्या पैठणची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे. ज्ञानेश्वरीच्या नकला होता होता तीनशे वर्षांत पाठ बिघडत गेले. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथ महाराजांनी प्रती जमवल्या, ताडून पाहिल्या आणि शुद्ध पाठ सिद्ध केला. शेवटी बजावलं की या ग्रंथात जो आपली ओवी घालील तो अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवील. तिथं ग्रंथ पुरा होता आणि नकलकारांच्या हातून चुका शिरत होत्या. माझ्या बाबतीत चुका माझ्याच, कच्चेपणाच्या. आणि फोन त्यांची नक्कल काना-मात्रा न चुकता करतो. मावशीचं नाव हजाराव्या प्रतीतही तितकंच स्पष्ट आहे.

कायदा लिहिणाऱ्याच्या बाजूनं आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. लिहून झालं की हक्क तुमचा. नोंदणी लागत नाही, छापून यावं लागत नाही. हयातभर आणि पुढं ६० वर्षं तो टिकतो. एखाद्या संकेतस्थळावर मजकूर चढवला असेल तर लेखी तक्रार करून तो उतरवायला लावता येतो. पण या फोनवरून त्या फोनवर गेलेलं कोण उतरवणार? ते ज्याच्या त्याच्या बोटात आहे.

म्हणून आज आकाशवाणीवरून हात जोडून विनंती करायला आले आहे. ऊसतोडीवरची माझ्या नावाची नऊ प्रकरणांची फाइल तुमच्याकडे असेल तर ती पुसून टाका. वाचली असेल तर त्यातली नावं कुणापुढं घेऊ नका. मला पत्र लिहून "छान जमलंय" म्हणणारे कितीतरी जण आहेत. तुमचा लोभ मला कळतो. पण त्या बाईला ह्या वर्षीची उचल मिळायला महिना उशीर झाला, आणि ती शेवटी दुसऱ्या मुकादमाकडे, कमी पैशावर गेली.

दसऱ्याआधी मी तिच्या दारात गेले. तिनं आधी चहा ठेवला. मग मी वही काढली आणि म्हणाले, मावशी, नाव बदलायचंय, आता तूच सांग काय ठेवू. ती बराच वेळ गप्प बसली. मग तिनं एक नाव सांगितलं. लहानपणी वारलेल्या तिच्या बहिणीचं. मी प्रत्येक पानावर जुनं नाव खोडून ते वर लिहीत गेले, आणि ती शेजारी बसून पानं मोजत राहिली.

आता ती फडावर आहे. चौदावं प्रकरण लिहून होत आलंय. गाळप संपून कारखान्याचा पट्टा पडला की ती गावी येईल, तेव्हा तिला आणि तिच्या जुन्या मुकादमाला, दोघांनाही ते वाचून दाखवायचं ठरवलंय. मुकादम अजून हो म्हणालेला नाही.

नमस्कार.