डाव्या कानात कॉम्प्युटर

(अंधारलेली खोली. लॅपटॉपचा काळा स्क्रीन. कळांवर पळणारी बोटं.)

हा लॅपटॉप चालू आहे. आमच्या कॅमेरामनने दोनदा विचारलं, "चार्जर लावलाय ना?" लावलेला होता. सरांनी पडदा टाकलाय, एवढंच. स्क्रीन रीडर म्हणजे स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा प्रोग्राम; त्यात तशी सोयच असते. इन्सर्ट आणि कंट्रोल धरून एस्केप दाबलं की स्क्रीन काळा होतो, काम चालूच राहतं. सर अंध आहेत, त्यांना स्क्रीनचा उपयोग नाही आणि मागून डोकावणाऱ्याला काही वाचता येत नाही.

आता ऐका.

(पाच सेकंद फक्त स्क्रीन रीडरचा आवाज.)

काही कळलं? आम्हालाही नाही. मराठीच आहे ते. ई-स्पीक नावाचा फुकट मिळणारा आवाज, वेग भरपूर वाढवलेला. याहून गोड, माणसासारखे आवाजही मिळतात. पण वेग वाढवला की सरांना त्यांतले शब्द एकमेकांना चिकटल्यासारखे वाटतात. हा पत्र्यावर खडे पडावेत तसा वाजतो, पण शब्द सुटा राहतो. सरांना पत्राच हवा.

(अमळनेर स्टेशन. बोरी नदीवरचा पूल. गल्ली, जिना.)

अमळनेर, जिल्हा जळगाव. पुढे कॉम्प्युटरच्या धंद्यात नाव काढलेली विप्रो १९४५ साली याच गावात सुरू झाली, ती मात्र वनस्पती तुपाच्या कारखान्यातून. त्याच गावातल्या या दोन खोल्यांतून सर रोज संध्याकाळी सात वाजता झूमवर कॉम्प्युटर शिकवतात. धुळे, शिरपूर, चोपडा, शहादा इथली मुलं-मुली असतात. सगळी अंध, किंवा अगदी अंधुक दिसणारी. शिकवायचं साधन एनव्हीडीए, म्हणजे हाच बोलणारा स्क्रीन रीडर. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली ते लिहायला घेतलं आणि ते आजही फुकट मिळतं. फुकट नसतं तर हा वर्गच नसता.

वर्गाआधीची वीस मिनिटं आम्ही सलग चित्रित केली. या फिल्ममध्ये तीच जास्त दिसतील.

(टेबलावरचं खोकं. त्यात न वापरलेला ब्लूटूथ हेडफोन.)

हा भाच्याने वाढदिवसाला दिलेला. खोक्यातच आहे. थोडा वेळ शांतता झाली की ब्लूटूथ डुलकी काढतं आणि पुढचं बोलणं सुरू झाल्यावर उशिरा जागं होतं. पहिलं अक्षर गिळलं जातं. गाणं ऐकणाऱ्याच्या ते ध्यानातही येत नाही. पण झूमच्या बटणावर 'अनम्यूट' असतं, आणि सरांच्या कानात 'म्यूट' पोचतं. त्यात माइक चालू केला की हेडफोन फोनकॉलच्या आवाजावर उतरतो, म्हणजे सगळं मडक्यातून बोलल्यासारखं.

म्हणून वायरचा इअरफोन. डाव्या बाजूच्या वायरीला दोऱ्याची गाठ आहे, बघा. सर ती अंगठ्याने चाचपतात, मगच कानात घालतात. डावा-उजवा चुकून चालत नाही, कारण डाव्या कानात कॉम्प्युटर बोलतो आणि उजव्या कानात माणसं.

(बोटांचा क्लोज-अप. इन्सर्ट, ऑल्ट, एस.)

या तीन कळा. एनव्हीडीएच्या २०२४ सालच्या एका आवृत्तीत ही सोय आली. रीडरचा आवाज एका बाजूला, बाकी सगळ्या प्रोग्रामचा दुसऱ्या बाजूला. त्याआधी होतं ते डकिंग. रीडर बोलायला लागला की बाकीचे आवाज आपोआप दबायचे. ऐकायला बरं वाटतं. वर्गात मात्र एखादी मुलगी अडखळत प्रश्न विचारतेय आणि तेवढ्यात चॅटमध्ये कुणी 'गुड इव्हिनिंग सर' टाकलं, की मुलीचा आवाज खाली. असे सहा 'गुड इव्हिनिंग' आले की प्रश्न संपलेला असायचा.

मग सरांनी दुसरा मार्ग काढला होता. बाजारातून एक छोटं यूएसबी साउंड कार्ड आणलं. रीडरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याचा आवाज त्या कार्डावर वळवला, आणि विंडोजच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये झूमचा आवाज लॅपटॉपच्या जॅकवर ठेवला. दोन इअरफोन, प्रत्येकाचा एकच कान वापरायचा, उरलेले दोन गळ्यात लोंबते. हे त्यांनी आम्हाला पुन्हा करून दाखवलं. हसतात ते इथे.

(गळ्यात दोन इअरफोन. सर हसताहेत.)

हे सगळं सरांना कुणी शिकवलेलं नाही. डोळसाला आवाज म्हणजे कॉम्प्युटरची एक सोय, गेला तर गेला. सरांचा स्क्रीन, माउस, घड्याळ, वर्ग, सगळं त्या एकाच वायरीतून येतं.

(डाउनलोड. टूं… टूं… चढत जाणारे सूर.)

हे ऐकलंत? फाइल उतरतेय. जसजसे टक्के वाढतात, तसतसा सूर चढतो. आमच्या साउंडवाल्याला वाटलं माइक बिघडला.

याच साउंडवाल्याची आणखी एक गोष्ट. त्याला खोलीतला नुसता आवाज घ्यायचा होता. तो म्हणाला, "सर, जरा ते बोलणं बंद करता का?" सरांनी बंद केलं. रेकॉर्डिंग झालं. मग आम्हीच म्हणालो, "छान, आता तेवढं झूम उघडा." कॅमेरा चालूच होता.

(सर. हात कळांवर. स्क्रीन काळा. आठ सेकंद. निवेदन नाही.)

(तालुक्यातली एक शाळा. प्रोजेक्टर, लोंबणारी केबल.)

इथे गेल्या वर्षी सरांचं प्रात्यक्षिक होतं. प्रोजेक्टरची केबल लावली आणि लॅपटॉप मुका झाला. केबल लागताच विंडोजने आवाज प्रोजेक्टरकडे पाठवला, आणि त्या प्रोजेक्टरला स्पीकरच नाही. विंडोज आणि कंट्रोल धरून एंटर दाबलं की विंडोजचा स्वतःचा रीडर, नॅरेटर, बोलू लागतो. तोही त्याच वाटेने गेला. समोर साठ पोरं बसलेली. सरांनी केबल उपटली, रीडर बोलला. साठ पोरांनी त्या दिवशी प्रोजेक्टरशिवाय ऐकलं.

सरांच्या एका ऑनलाइन परीक्षेत केंद्रावरचा हेडफोन चाललाच नव्हता. ती परीक्षा गेली. सरांकडे शिकलेली एक मुलगी मात्र आता पतसंस्थेत कामाला आहे.

(घड्याळ. सातला पाच कमी.)

शिकवताना उलटी कसरत. मुलांनाही रीडर ऐकू जायला हवा, म्हणून स्क्रीन शेअर करताना कॉम्प्युटरचा आवाजही शेअर करायची खूण करावी लागते. धडा संपला की ते आठवणीने बंद. एकदा विसरले, आणि किराणावाल्याचा उधारीचा मेसेज आख्ख्या वर्गाने ऐकला, आकड्यासकट. दुसऱ्या दिवशी एक पोरगा म्हणाला, "सर, फी वाढवा."

(स्वयंपाकघर. आई चहा गाळतेय. ओट्यावर भरताची वांगी.)

सरांचे दोन्ही कान सात वाजता भरलेले असतात. आईने हाक मारणं केव्हाच सोडलंय.

(सर उजवा कान नीट बसवतात. ऑल्ट, ए. झूमचा माइक चालू. सर अहिराणीत विचारतात, आवाज येतोय का?)

"आवाज ई ऱ्हायना का?"

(झूममधून एकामागून एक: "हो सर." "ई ऱ्हायना सर." मागे कुणाच्या तरी घरी म्हैस हंबरते.)

(आई कप ठेवते. टेबलावर बोटाने दोनदा टकटक. सरांचा हात न चाचपडता कपाकडे जातो.)