दुसरं यान होतं म्हणून

श्रोतेहो, नमस्कार.

सप्टेंबर २०२४ मध्ये बोइंगचं स्टारलायनर यान अंतराळ स्थानकावरून परतलं, पण रिकामं. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर जूनमध्ये त्यातूनच वर गेले होते, जेमतेम आठवडाभरासाठी. हेलियम गळत होता आणि स्थानकाजवळ पोचताना पाच थ्रस्टर, म्हणजे यानाला दिशा देणारी छोटी इंजिनं, बंद पडले. बऱ्याच चाचण्यांनंतर नासाने ठरवलं, यातून माणसं आणायची नाहीत. दोघं मार्च २०२५ मध्ये स्पेसएक्सच्या ड्रॅगनमधून उतरले.

असा नकार देता आला, कारण हाताशी दुसरं यान होतं. २०१४ मध्ये नासाने अंतराळवीरांची ने-आण करण्यासाठी दोन कंपन्यांना कंत्राटं दिली: बोइंगला ४.२ अब्ज डॉलर, स्पेसएक्सला २.६ अब्ज. एकालाच द्या, पैसे वाचतील, असा आग्रह तेव्हाही होता. तो मानला असता तर? ड्रॅगनही काही निर्दोष नव्हतं. एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवरच्या चाचणीत ते फुटलं. आत कोणी नव्हतं. दोष एका गळक्या व्हॉल्व्हचा निघाला, रचना बदलली आणि मगच माणसं बसली. स्पर्धेचा हा लाभ मला फार मोलाचा वाटतो.

पण तिकीट काढून जाणाऱ्या प्रवाशाचं काय? त्याच्या बाजूने प्रश्न विचारायला नासाचे अभियंते नसतात. अमेरिकेत २००४ पासून कायदाच असा आहे की, गंभीर अपघात किंवा तसा धोका समोर आल्याशिवाय सरकारने यानातल्या लोकांच्या सुरक्षेसाठी नियम करायचे नाहीत. प्रवाशाने धोका समजून सही करायची, बस्स. उद्योग नवा आहे, त्याला शिकू द्या, हे त्यामागचं कारण. ही मनाई ठरावीक मुदतीपुरती होती, पण ती मुदत पुन्हा पुन्हा वाढली. आता ती जानेवारी २०२८ पर्यंत आहे.

दरम्यान ऑक्टोबर २०१४ मध्ये व्हर्जिन गॅलॅक्टिक या अंतराळ पर्यटन कंपनीचं यान चाचणी उड्डाणात मोहावी वाळवंटावर तुटून पडलं. सहवैमानिकाने, उतरताना वेग आवरण्यासाठी वर वळणाऱ्या शेपटाचं कुलूप वेळेआधी उघडलं आणि त्याचा जीव गेला. तपासात ठपका यान बांधणाऱ्या कंपनीवरही आला: माणसाच्या एका चुकीने सगळं उद्ध्वस्त होऊ शकतं, याचा विचारच तिने केला नव्हता.

याउलट सप्टेंबर २०२२ मध्ये ब्लू ओरिजिन या दुसऱ्या अंतराळ कंपनीचं रॉकेट उड्डाणानंतर मिनिटभरात बिघडलं, तेव्हा सुटकेच्या इंजिनाने वरची कुपी, म्हणजे प्रवासी बसतात तो भाग, बाजूला खेचली आणि ती पॅराशूटने सुखरूप उतरली. त्या फेरीत प्रवासी नव्हते. अशी सोय प्रत्येक प्रवासी यानात हवीच, असं आजचा कायदा म्हणत नाही. २०२८ मध्ये मुदत आणखी वाढवू नये आणि पहिला नियम याच सोयीचा करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.