कुंपणातलं खिंडार कसं बुजवावं

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार. बांधावरच्या कुंपणाला खिंडार पडलं की बोराटी, म्हणजे बोरीच्या वाळल्या काटेरी फांद्या, ओढून लावली जाते. वाळवी लागते, पुढच्या उन्हाळ्यात बकऱ्या आत.

हाच ताप इंग्रज सरकारलाही झाला होता. मिठावरचा कर चुकू नये म्हणून त्यांनी हिमालयाच्या पायथ्यापासून ओरिसापर्यंत जकातीची रेषा आखली. आपल्या रावेरच्या पलीकडे, खंडव्यावरून ती जायची. गरिबाच्या मिठावर कर, हा अन्यायच होता. त्या रेषेवर वाळल्या काट्यांचं कुंपण होतं. १८६७ पासून जकात खातं सांभाळणारे ॲलन ह्यूम (पुढे १८८५ साली काँग्रेसच्या स्थापनेत होते तेच) यांनी हिशेब केला: मैलाला २५० टन काट्या, त्यातल्या निम्म्या दरवर्षी बदलायच्या! मग त्यांनी जिवंत कुंपणावर भर दिला. बोर, बाभूळ, करवंद, शेराची झुडपं. कोणत्या मातीत काय टिकतं ते लावून पाहिलं. जिथे काहीच जगेना तिथे निवडुंग. माती निकस तिथे ती उपसून चांगली भरली, पूर येतो तिथे आधी भराव घातला. रेषा १८७९ साली मोडली, पण खिंडारावरचा इलाज आजही तोच. आधी कारण शोधा, मग रोप लावा.

आपल्या काळ्या जमिनीत कारणं दोन. पावसाळ्यात पाणी साचतं, उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तुटतात. म्हणून मे महिन्यात दीड फूट रुंद, दीड फूट खोल चर खणा. शेजारच्या जुन्या झाडांची चरात आलेली मुळं तोडा, नाहीतर नव्या रोपाचं पाणी तीच पितात. शेणखत-माती भरून जमिनीपेक्षा अर्धा फूट उंच वरंबा करा. पाऊस लागला की करवंदाची रोपं दोन ओळींत, दीड-दीड फुटावर, एकाआड एक लावा. मधे सागरगोटा या काटेरी वेलीचं बी टोका. त्याचं कवच कानशीनं घासून बी रात्रभर भिजवा, नाहीतर महिनोन्‌महिने उगवत नाही.

रोपांपुढे पहिली दोन वर्षं बोराटी हवीच. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्या, मात्र नको, तिच्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते.

रोप फूटभर झालं की शेंडा खुडा. जुनी मेंदी खालून उघडी पडली असेल, तर पावसाच्या तोंडावर जमिनीपासून फूटभर ठेवून छाटा, बुडातून फुटते. शेर छाटताना डोळे जपा, चीक फार वाईट.

आधी कारण, मग रोप. नमस्कार.