आईनं चहा घेतला

[दृश्य: ओट्यावर पांढरा इलेक्ट्रिक पॉट. सुरकुतलेला हात बटण दाबतो.]

जपानमधलं एक स्वयंपाकघर. पॉटमधलं पाणी दिवसभर गरमच असतं. आजी बटण दाबतात, ग्रीन टीच्या पानांवर पाणी पडतं, वाफ येते. आजींपुरतं काम झालं.

पॉटच्या आत मात्र एक छोटं वायरलेस यंत्र आहे. पाणी घेतल्याची वेळ ते टिपतं, आणि दूरच्या शहरातल्या लेकीला दिवसातून दोनदा ईमेल जातो.

या पॉटमागे एक दुःख आहे. १९९६ साली टोकियोच्या इकेबुकुरो भागात एक आजारी मुलगा आणि त्याची शुश्रूषा करणारी म्हातारी आई घरात मृतावस्थेत सापडले. तोवर महिना होत आला होता. महिनाभर कुणाला पत्ताच नाही! त्यानंतर एका डॉक्टरांनी विचारलं, रोजच्या वापरातली वस्तूच वृद्धांची खबर देऊ शकेल का? ओसाकाच्या झोजिरुशी कंपनीनं ते मनावर घेतलं. झोजिरुशी म्हणजे हत्तीछाप. २००१ मध्ये या ‘आय-पॉट’ची सेवा सुरू झाली.

[दृश्य: टेबलावर दोन पेले. खिडकीतून सकाळचं ऊन.]

यात कॅमेरा नाही, माइक नाही. आम्हाला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. मनगटाला पट्टा बांधा म्हटलं, तर तो चार दिवसांत कपाटात जातो. घरात कॅमेरा लावला, तर आपल्याच घरात अवघडल्यासारखं होतं. चहा घ्यायची आठवण मात्र कुणी करून द्यावी लागत नाही. नवीन शिकायचं ते एवढंच, की बाहेर पडताना वेगळं बटण दाबायचं.

आपल्याकडेही हे शहाणपण आहे. दुधाची पिशवी दहा वाजले तरी दाराच्या कडीलाच दिसली, की शेजारच्या वहिनी बेल वाजवतात. पण मुलं परदेशी, शेजारचा फ्लॅट बंद, असे मजले पुण्यात आता कितीतरी आहेत.

पॉट पडलेल्या माणसाला उठवत नाही, रुग्णवाहिका बोलावत नाही. निरोपही लगेच येत नाही. तातडीच्या मदतीची सोय वेगळीच हवी. आणि आलेला ईमेल कुणी उघडलाच नाही, तर पॉट तरी काय करणार?

[दृश्य: लोकल स्टेशन. लेक मोबाइल बघते, थांबते, नंबर लावते.]

“आई, आज चहा उशिरा घेतलास? झोप लागली नव्हती का रात्री?”